जीवाश्मांची पेटी घ्यायची असेल तर: आतला एकेक नमुना तपासून

झाकणावर डायनोसॉर आणि ज्वालामुखी, आत पंधरा-वीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक जीवाश्म नाहीतर खडकाचा तुकडा, सोबत घडीचा तक्ता, छोटी पुस्तिका आणि एक भिंग. पृथ्वीचा इतिहास शिकवणाऱ्या अशा पेट्या हल्ली ऑनलाइन दुकानांत आणि विज्ञान केंद्रांच्या विक्री काउंटरवर सर्रास मिळतात. किंमत साधारण दीड हजारापासून पाच हजारांपर्यंत. विकणारे वेगवेगळे असले तरी माल बहुतेक एकाच वाटेने येतो: मोरोक्कोचे ट्रायलोबाइट (खेकडे-किड्यांच्या दूरच्या नात्यातले, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) आणि शार्कचे दात, मादागास्करचे अमोनाइट (वेटोळ्या कवचाचे, माकूळ-ऑक्टोपसच्या गटातले नामशेष समुद्री प्राणी) आणि लाकूड, अमेरिकेतल्या युटा आणि वायोमिंगचे काही नमुने. त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या पेटीचं आहे.

निकाल आधीच सांगतो. नमुन्यांपैकी बरेच अस्सल असतात आणि पैसे वसूल करतात. तक्ता आणि पुस्तिका बहुतेक ठिकाणी कच्च्या असतात. भिंग टाकाऊ. पण सगळ्यांत मोठी उणीव वेगळीच आहे: चिठ्ठीवर ठिकाण नसतं. ‘ट्रायलोबाइट, ५० कोटी वर्षं’ एवढंच छापलेलं असेल तर त्या नमुन्याचा निम्मा जीव गेलेला असतो. जीवाश्माचं वय त्याच्याकडे बघून ठरत नाही. तो ज्या थरातून निघाला त्या थरावरून ठरतं. थर माहीत नसेल तर वय हा विक्रेत्याचा शब्द, बाकी काही नाही. चांगल्या चिठ्ठीवर प्राण्याचं नाव, थराचं नाव, गाव-प्रांत-देश, कालखंड आणि दुरुस्ती केली असल्यास तिची नोंद एवढं असायलाच हवं. नुसतं ‘मोरोक्को’ म्हणणं म्हणजे नुसतं ‘महाराष्ट्र’ म्हणण्यासारखं.

ट्रायलोबाइटपासून सुरुवात करू, कारण फसवणूक इथेच जास्त होते. पेटीत दोन प्रकार येतात. पहिला काळा, चपटा, एक ते तीन सेंटिमीटरचा: एल्राथिया किंगी. हा युटातल्या व्हीलर शेल नावाच्या थरातला, सुमारे ५०.५ कोटी वर्षांपूर्वीचा. तो इतका मुबलक मिळतो की नकली करण्यात कुणाला फायदा नाही. सुटा मिळाला तर पालथा करून बघा. पोटाकडच्या बाजूला तंतुमय कॅल्साइटचा (चुनखडकातल्या मुख्य खनिजाचा) जाडसर थर दिसतो, तो या ठिकाणच्या नमुन्यांची खूणच आहे. पेटीतला ट्रायलोबाइट हा असेल तर निश्चिंत राहा.

दुसरा प्रकार मोरोक्कोच्या अँटी-ॲटलास डोंगरांतला, करड्या चुनखडकावर बसलेला, फुगीर, मोठ्या डोळ्यांचा. अस्सल असेल तर पेटीतली सगळ्यांत सुंदर वस्तू हीच. फॅकॉप्स गटातल्या ट्रायलोबाइटच्या डोळ्यावर दहापट भिंग धरा: गोल भिंगांच्या रांगा, प्रत्येक भिंग वेगळं, रांग तिरकी सरकत गेलेली. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन समुद्रात हा डोळा बघत होता, आणि त्याची भिंगं कॅल्साइटची होती म्हणूनच ती टिकली. साच्यातून ओतलेल्या नकलेत ही भिंगं एकमेकांत मिसळून डाळीच्या पिठासारखी सपाट होतात. नकलेच्या आणखी खुणा: पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे, शरीर आणि खडक यांच्या कडेला चमकदार डिंकाची रेघ, आणि खडकाला तडा असून तो प्राण्याच्या अंगावरून न जाणं. शेवटची खूण नीट समजून घ्या. मोरोक्कोत हे जीवाश्म हातोडीने खडक फोडूनच सापडतात, त्यामुळे अस्सल नमुना बहुधा दुभंगलेला आणि पुन्हा चिकटवलेला असतो. तडा खडकातून सरळ प्राण्याच्या पाठीवरून गेला असेल तर तो दोष नाही, भरवशाची खूण आहे. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला की डिंक आणि रेझिन (नकला ओतायचा प्लास्टिकसारखा पदार्थ) निळसर पांढरे उजळतात. दुरुस्ती किती आहे ते लगेच कळतं. ३९५ चा स्वस्त जांभळा टॉर्च या कामाचा नाही, त्याचा स्वतःचाच प्रकाश आड येतो.

काळ्या गुळगुळीत दगडातला पांढरा निमुळता शंकू म्हणजे पेटीतला ‘ऑर्थोसेरास’. हा माल मोरोक्कोच्या एर्फूदचा. नाव सैलपणे वापरलेलं असतं; खरा ऑर्थोसेरास बाल्टिक भागातल्या ऑर्डोव्हिशियन, म्हणजे डेव्होनियनहून जुन्या खडकांतला, एर्फूदचे शंकू त्याचे दूरचे भाऊबंद आणि बहुतांशी डेव्होनियन. चिठ्ठीवर ‘ऑर्थोसेरास गटातला सरळ कवचाचा सेफॅलोपॉड’ (माकूळ-ऑक्टोपसच्या गटातला प्राणी) असं लिहिलं असतं तर बरोबर ठरलं असतं. शंकूच्या आत आडवे पडदे आणि त्यांना आरपार छेदणारी बारीक नळी दिसली पाहिजे. पडदे रंगवलेले असतील तर भिंगाखाली ब्रशचे फटकारे दिसतात.

अमोनाइट बहुतेक वेळा मादागास्करचा, मधोमध चिरलेला आणि पॉलिश केलेला. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा, क्रिटेशस काळातला. जोडी मिळाली असेल तर दोन्ही अर्धे समोरासमोर ठेवा. प्रत्येक कप्पा आरशातल्यासारखा जुळला पाहिजे. न जुळणारी जोडी म्हणजे दोन वेगळ्या अमोनाइटचे अर्धे. या नमुन्यावर पेटीतली पुस्तिका दोन ओळींत उरकते, आणि इथे मराठी वाचकाचं नुकसान होतं, कारण आपल्या देवघरातला चक्रांकित शाळीग्राम हाही अमोनाइटच आहे. नेपाळच्या काली गंडकीच्या पात्रात तो मिळतो, पण मूळ खडक म्हणजे ज्युरासिक काळातले स्पिती शेल, भारत आणि आशिया यांच्या मधल्या जुन्या टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेला काळा चिखल. भारतीय भूखंड आशियाला भिडला, तो समुद्रतळ उचलला जाऊन हिमालयात गेला, आणि नदीने त्यातले गोटे बाहेर काढले. मुलांना प्लेट टेक्टॉनिक्स सांगायला याहून जवळचं उदाहरण सापडायचं नाही.

शार्कचा दात: ओटोडस, मोरोक्कोच्या खुरिब्गा इथल्या फॉस्फेट खाणींतला, सहा ते पाच कोटी वर्षांपूर्वीचा. सुटा दात बहुधा अस्सल. वाळूच्या ढेपेत रुतवलेला दात मात्र संशयास्पद. दात खरा, ढेप वाळू आणि डिंकाची. ढेपेच्या मागच्या बाजूला ॲसिटोनचा थेंब टाकून पाच मिनिटांनी टाचणीने टोकरा. मऊ पडली तर बनावट.

अंबरचा कप्पा सर्वांत नाजूक. आत ठसठशीत माशी किंवा कोळी दिसत असेल तर तो बहुधा कोपल असतो, म्हणजे झाडाचा अलीकडचा राळेसारखा चीक, काही शेकडा किंवा काही हजार वर्षांचा. बाल्टिक अंबर चार कोटींच्या आसपास जातं. आधी पाव लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून तुकडा सोडा. काच आणि बेकेलाइट बुडतात, अंबर आणि कोपल दोन्ही तरंगतात. मग कडेच्या एका कोपऱ्यावर ॲसिटोनचा थेंब: कोपल चिकट होतो, अंबरला काही होत नाही. हलकं प्लास्टिक मिठाच्या पाण्यात तरंगून पहिल्या चाचणीत पास होतं, म्हणून एका चाचणीवर थांबू नका. पुस्तिकेत भारतीय अंबरचा उल्लेखही नसतो. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान आणि तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणींत पाच कोटी वर्षांहून जुनं अंबर सापडलं आहे, ते साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांचं. त्यातले कीटक युरोप-आशियातल्या कीटकांशी नातं सांगतात, त्यामुळे भारतीय भूखंड तेव्हा जगापासून अगदी तुटलेला होता ही जुनी समजूत ढासळली.

अश्मीभूत लाकूड सहसा मादागास्करचं, ट्रायासिक, म्हणजे डायनोसॉरांच्या सुरुवातीच्या काळातलं. काच ओरखडते का ते बघा, ओरखडलीच पाहिजे. आम्लाने फसफसता कामा नये. पॉलिश बाजू ओली करून भिंगाखाली धरली की पेशींची जाळी दिसते. नुसते तपकिरी पट्टे असून जाळी नसेल तर तो जास्पर हा साधा रंगीत दगड असू शकतो. क्रिनॉइड (तारामाशाच्या गटातला देठावर उभा प्राणी) याचे देठ आणि ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारख्या दुहेरी कवचाचा प्राणी) यांच्याबद्दल फार बोलायला नको, ते स्वस्त आणि बहुधा खरे असतात. भडक गुलाबी किंवा निळा ‘जिओड’ (पोकळीत स्फटिक असलेला दगड) मात्र रंगवलेला अगेट किंवा क्वार्ट्झ असतो. इतिहास शिकवायला त्याचा काही उपयोग नाही.

‘डायनोसॉरचं हाड’ किंवा ‘अंड्याचं कवच’ असा कप्पा असेल तर आमचा सल्ला: ती पेटी घेऊच नका. चीन, मंगोलिया आणि ब्राझील इथून असे जीवाश्म बाहेर नेण्यावर कायद्याची बंधनं आहेत, आणि भारतातून आले असतील तर ते कुठून उचलले हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. गुजरातेतल्या बालासिनोरजवळच्या रैयोलीसारख्या ठिकाणच्या अंड्यांच्या घरट्यांना घरट्यांच्या मांडणीमुळे किंमत आहे. एक तुकडा पेटीत गेला की मांडणी कायमची बिघडते. डायनोसॉर बघायचा असेल तर सिरोंच्याजवळचं वडधम जीवाश्म उद्यान आहे, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये गोदावरी खोऱ्यातल्या बारापासॉरसचा सांगाडा आहे.

अंबर सोडून बाकी बहुतेक नमुन्यांना लागू पडणारी एक चाचणी म्हणजे घनता. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. आधी नमुना कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा. नमुना दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तितके घनसेंटिमीटर नमुन्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. २७ ग्रॅमच्या तुकड्याला १० आलं तर घनता २.७, म्हणजे चुनखडक किंवा कॅल्साइट. अश्मीभूत लाकूड २.६ च्या आसपास यायला हवं. दीडच्या खाली आलं तर ते रेझिन. आकडा भलताच कमी आला आणि नमुना सच्छिद्र असेल तर हवा अडकलेली असते. दहा मिनिटं भिजवून, बुडबुडे झटकून पुन्हा मोजा. खडकावर चिकटवलेल्या नकलेला ही चाचणी फसते, कारण वजन खऱ्या खडकाचं येतं. तिथे भिंग आणि टॉर्चच कामाला येतात.

आम्लाच्या चाचणीत चुनखडक आणि कॅल्साइट फसफसतात. तिच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक घेतलं तर एक भाग आम्ल दोन भाग पाण्यात, पाण्यात आम्ल ओतायचं, उलट कधीच नाही. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी. थेंब नमुन्याच्या मागच्या बाजूला, जीवाश्मावर नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. घरात लहान मुलं असतील तर साधा व्हिनेगर वापरा, फक्त आधी टोकाने खरवडून थोडी भुकटी करा, म्हणजे फेस दिसेल. संडास साफ करायचं रंगीत द्रावण वापरू नका, त्याचा निळा डाग चुनखडकात मुरतो.

आता तक्ता. बहुतेक पेट्यांत एकच चूक दिसते: कॅम्ब्रियनपासून आजपर्यंतचा काळ कागदाचा बहुतेक भाग व्यापतो आणि त्याआधीचा सगळा काळ तळाशी एका बारीक पट्टीत कोंबलेला असतो. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, कॅम्ब्रियनची सुरुवात ५३.९ कोटींपूर्वी. म्हणजे तक्त्याने जेमतेम १२ टक्के इतिहासाला जवळजवळ सगळा कागद दिला. पाहणाऱ्याच्या मनात उरतं ते असं की पृथ्वी झाली आणि लगेच ट्रायलोबाइट आले.

हा तक्ता बाजूला ठेवा आणि दुकानदाराच्या बिलाच्या मशीनचा कागदी रोल आणा. एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी वर्षं. साडेचार मीटरची पट्टी घराच्या भिंतीवर आरामात मावते, आणि कोटीत मोजण्याची आपली सवय इथे फार उपयोगी पडते. उजवं टोक आज. तिथून मागे मोजत ६.६ सेंटिमीटरवर डायनोसॉरांचा अंत आणि दख्खनचा लाव्हा; २५.२ वर पर्मियनच्या शेवटचा महाविनाश, ज्यात ट्रायलोबाइट संपले, ५३.९ वर कॅम्ब्रियन. २४० च्या आसपास हवेत ऑक्सिजन साठायला सुरुवात. ३४५ च्या जवळपास ऑस्ट्रेलियातले सर्वांत जुने भरवशाचे स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे सूक्ष्मजीवांनी रचलेले थरांचे खडक. ४४० वर ऑस्ट्रेलियातल्याच जॅक हिल्सचे झिरकॉनचे कण, पृथ्वीवर तयार झालेलं सर्वांत जुनं ज्ञात खनिज. आपली होमो सेपियन्स जात तीन लाख वर्षांची, म्हणजे ०.३ मिलिमीटर, बॉलपेनच्या रेघेएवढी. आकड्यांसाठी इंटरनॅशनल कमिशन ऑन स्ट्रॅटिग्राफी या कालखंड ठरवणाऱ्या संस्थेचा तक्ता फुकट उतरवून घेता येतो आणि तो वेळोवेळी सुधारला जातो.

पेटीतले नमुने या पट्टीवर मांडले की दुसरी उणीव उघडी पडते. सगळे उजव्या टोकाला गर्दी करतात. डावीकडचे चार मीटर रिकामे. ही पोकळी पैसे न देता भरता येते, आणि सुचवण्यासारखी आमच्याकडे हीच सर्वांत चांगली गोष्ट आहे. फरशीवाल्याकडे जा आणि तुटक्या तुकड्यांचा ढीग विचारा. शहाबादी फरशी हा कर्नाटकातल्या भीमा खोऱ्याचा चुनखडक, कडप्पा आंध्रचा, कोटा राजस्थानचा. तिन्ही प्रोटेरोझोइक, म्हणजे कॅम्ब्रियनच्या आधीचे, डोळ्यांना दिसतील असे प्राणी समुद्रात सर्रास होण्याआधीचे. फोडलेली कड न्याहाळा, चिखलाचे पातळ थर एकावर एक दिसतात आणि त्यात एकही शिंपला नसतो. तो नसणं हाच पुरावा. नागमोडी पट्ट्यांचा रंगीत ‘ग्रॅनाइट’ दक्षिण भारतातला असेल तर तो बहुधा नाइस (उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक) असतो आणि कितीतरी वेळा अडीचशे-तीनशे कोटींच्या घरातला. बंगळुरूच्या लालबागेतला नाइसचा खडक असाच सुमारे ३०० कोटींचा, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर झालेला. तुकडा कुठल्या खाणीचा हे दुकानदाराला विचारून मागे मार्करने लिहून ठेवा.

ऑक्सिजनच्या गोष्टीसाठी लोहखनिजाचा पट्टेदार खडक हवा, कारण समुद्राच्या पाण्यातलं लोह ऑक्सिजनने गंजून तळाशी थरांनी साचलं. पेटीत तो आला तर ऑस्ट्रेलियाचा पॉलिश केलेला तुकडा येतो. गोवा, वेंगुर्ल्याजवळचं रेडी आणि बेल्लारीकडचं संडूर इथलं लोहखनिज अशाच पट्टेदार खडकांतून तयार झालेलं आहे. टाइलच्या मागच्या खरखरीत, बिनचकाकीच्या बाजूवर घासा: हेमेटाइट तांबूस तपकिरी रेघ देतो, मग वरून तो काळा दिसो की चंदेरी.

महाराष्ट्रात बसून ‘लाव्हा’ नावाच्या कप्प्याचे पैसे देण्यात अर्थ नाही. खडीच्या ढिगात हवा तेवढा बसॉल्ट आहे, आणि त्याच्या पोकळ्यांत भरलेले झिओलाइटचे स्फटिकही नशिबाने मिळतात. कोळशासोबत येणारं ग्लॉसोप्टेरिसचं पान मात्र पेटीत असेल तर जरूर घ्या, आणि ते कुठलं आहे ते वाचा. बाजारात येणारं पान बहुधा ऑस्ट्रेलियाचं असतं. तेच झाड नागपूरजवळच्या कामठीच्या थरांत, आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकातही सापडतं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत ओढत आणलेल्या दगडांतही ते होतं. गोंडवन भूमी, म्हणजे हे सगळे दक्षिणेकडचे भूखंड, एकसंध होती हे या पानाने शिकवलं.

पुस्तिकेतल्या चुका पटकन सांगतो, कारण त्या जवळपास सगळीकडे सारख्याच असतात. पाठीवर शीड असलेला डिमेट्रोडॉन डायनोसॉरांत घातलेला असतो. तो पर्मियन काळातला, डायनोसॉरांच्या कितीतरी आधी संपलेला आणि त्यांच्यापेक्षा सस्तन प्राण्यांना जवळचा. डायनोसॉरांचा अंत ६.५ कोटी छापलेला असतो, आताचा आकडा ६.६. ‘टर्शरी’ हा विभाग अधिकृत तक्त्यातून गेला, पॅलिओजीन आणि निओजीन आले. शेवटचा कालखंड म्हणून अँथ्रोपोसीन, म्हणजे ‘माणसाचं युग’, छापलेला असेल तर खोडा. २०२४ मध्ये तो प्रस्ताव फेटाळला गेला. आपण होलोसीनमध्येच आहोत, आणि त्यातला सध्याचा विभाग ‘मेघालयन’. मेघालयातल्या मावम्लू गुहेतल्या चुन्याच्या थरांवरून तो ठरला आणि सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झाला. माकडापासून माणसापर्यंत एका रांगेत चालणारं चित्र असेल तर मुलांना ते चुकीचं आहे हे स्पष्ट सांगा. वंशवृक्षाला फांद्या असतात, रांग नसते.

भिंगावर ‘३०x’ छापलेलं असतं. खिडकीचं प्रतिबिंब समोरच्या भिंतीवर स्पष्ट पाडून भिंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा आणि २५० ला त्या मिलिमीटरांनी भागा. अंतर २५ आलं तर भिंग दहापट. खरं तीसपट भिंग असतं तर अंतर जेमतेम ८ मिलिमीटर आलं असतं. वेगळं दहापट ट्रिपलेट (तीन काचा जोडून केलेलं) भिंग घ्या, डोळ्याला लावून धरा आणि नमुना अडीच सेंटिमीटरपर्यंत जवळ आणा.

शेवटी साठवण, कारण कोकणात आणि मुंबईत पेटी पहिल्याच पावसाळ्यात बिघडू शकते. सोनेरी चमकणारा अमोनाइट पायराइटचा असतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांवर राहिली की पायराइट कुजतं: पिवळट पांढरी भुकटी, गंधकाचा वास, तडे, आणि त्यातून सुटणारं आम्ल शेजारची चिठ्ठी आणि पुठ्ठा खातं. असा नमुना पेटीतून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, जेलचा रंग बदलला की पुड्या वाळवा. भुकटी दिसू लागली तर पाण्याने धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडून बाकीच्यांपासून वेगळा करा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, आणि तोच क्रमांक नमुन्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर टाका. नाहीतर मुलांनी एकदा सगळे कप्पे रिकामे केले की कुठला तुकडा कुठला हे कुणालाच सांगता येत नाही.

पाच हजारांची लाकडी पेटी घेण्याऐवजी चिठ्ठीसह सुटे पाच नमुने घ्या: एल्राथिया, चिरलेला अमोनाइट, ग्लॉसोप्टेरिस, शार्कचा दात, अश्मीभूत लाकूड. पैसे देण्याआधी विक्रेत्याला थर आणि गाव विचारा, आणि दुरुस्ती किती आहे ते लेखी मागा. जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.